दुरुस्ती आणि इमान

मोडलेली वस्तू दुरुस्त करणे हे कसबाचे काम. त्यात नीतीचा प्रश्न तो कोणता उद्भवणार, असे पुष्कळांना वाटते. घड्याळ बंद पडले, घड्याळजीकडे दिले, ते चालू झाले, पैसे मोजले, व्यवहार संपला. आम्हीही आजवर असेच समजत आलो होतो. वकिलीच्या धंद्यात माणसांचे मोडलेले व्यवहार सांधण्यात आमची जवळजवळ वीस वर्षे गेली. परंतु सांधणारा मनुष्य सांधल्या जाणाऱ्या वस्तूचे काय देणे लागतो, हा विचार कधी मनात आला नव्हता. भोपाळच्या गोविंदपुऱ्यात एका जुन्या फोनोच्या दुरुस्तीने तो प्रश्न आमच्यापुढे उभा केला, आणि त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आम्हांस अर्धेच सापडले. उरलेल्या अर्ध्याचा शोध घेण्यासाठी हा लेखनप्रपंच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश अस्तित्वात आला आणि राजधानी नागपुराहून भोपाळास गेली. तिच्यामागोमाग सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबांनी आपला संसार बैलगाडीत आणि मग आगगाडीत घातला. आमचे आजोबा त्यांतलेच एक. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापन झाली, तिचा प्रचंड कारखाना भोपाळच्या पूर्वेस उभा राहिला, आणि गोविंदपुरा, बरखेडा, पिपलानी या वसाहतींतून देशाच्या सर्व कोपऱ्यांतील भाषा ऐकू येऊ लागल्या. पुढे १९७४ साली ही कंपनी ‘भेल’मध्ये विलीन झाली. आमच्या आत्याचे यजमान या कारखान्यात नकाशे काढीत. आजोबांच्या पश्चात त्यांचा फोनो आत्याच्या घरी गेला, तो आजही तेथेच आहे.

‘फोनो’ हा शब्द आम्ही घरगुती अर्थाने वापरीत आहोत. काटेकोरपणे पाहिले तर १८७७ साली एडिसनने जो सिद्ध केला तो फोनोग्राफ. त्यात आवाज नळकांड्यावर कोरला जाई. चपट्या तबकडीवर आडव्या लहरी कोरणारा ग्रामोफोन एमिल बर्लिनरचा, १८८७ सालचा. पण आपल्याकडील घरांनी हा भेद मानला नाही. कर्ण्याचा असो की पेटीचा, तो फोनोच. आजोबांचा फोनो पेटीचा, झाकण लावून हाती धरून नेण्याजोगा होता. त्याची चावी फिरविण्याचा मान वडीलधाऱ्यांचा, आणि सुयांची डबी सांभाळण्याचे काम मुलांचे.

आता आत्याचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. गेली कित्येक वर्षे फोनो मुका होता. मध्यंतरी एकदा तो दुसऱ्या एका शहरात दुरुस्तीस पाठविला होता. परत आला तेव्हा वाजला खरा, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. थोड्याच दिवसांत तेही थांबले. शेवटी आत्याच्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त फिटरकडे आम्ही ते यंत्र नेले. या गृहस्थांचे सारे आयुष्य पाणचक्क्यांच्या जोडणीत गेले होते. ज्यांनी शेकडो टनांच्या यंत्रांना हात लावला, ते आता पितळेच्या बोटभर चाकांपुढे भिंग घेऊन बसतात. त्यांचे नाव आम्ही देत नाही, कारण ते त्यांस आवडणार नाही.

या यंत्राचे अंतरंग वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे. त्यावाचून पुढील प्रश्न समजणार नाही. पेटीत एक पितळी किंवा लोखंडी डबा असतो, त्यात पोलादी पट्टीची लांबलचक कमान गुंडाळलेली असते. चावी दिली की ती आवळते, आणि उलगडताना दंतचक्रांकरवी तबकडीचा पाट फिरवते. कमानीचे वंगण पन्नास-साठ वर्षांत वाळून घट्ट होते. मग पट्टीचे वेढे एकमेकांस चिकटतात आणि उलगडताना मधूनच ‘धप्’ असा आवाज करून एकदम सुटतात; गाणे चालू असता हा धक्का बसला की तान अडखळते. डबा उघडण्यापूर्वी कमानीतील सर्व जोर उतरवून घ्यावा लागतो. नाही तर ती बाहेर झेपावून हात फाडते.

परंतु कमान केवळ बळ देते. ते बळ मोकळे सोडले तर तबकडी भन्नाट फिरेल आणि दोन मिनिटांत गाण्याचा किलबिलाट होईल. त्याला आवर घालणारा जो भाग, तो गव्हर्नर. एका बारीक दांडीवर शिशाचे तीन लहान गोळे पातळ पोलादी पट्ट्यांनी बसविलेले असतात. दांडी वेगाने फिरू लागली की गोळे बाहेर फेकले जातात, पट्ट्या वाकतात आणि दांडीवरील एक चकती सरकून नमद्याच्या किंवा चामड्याच्या गादीवर घासते. वेग वाढला की घर्षण वाढते, वेग घटला की घटते. ही गादी पुढेमागे करणारा एक स्क्रू असतो. त्याचा काटा वर, पाटाच्या बाजूस दिसतो. तो किंचित फिरविला की गाणे जलद किंवा संथ होते.

आमच्या फिटरांना हा भाग खोलताना जे समाधान झाले ते पाहण्यासारखे होते. ते म्हणाले, “वकीलसाहेब, आमच्या पाणचक्कीचे मर्मही हेच. पाण्याचा जोर कितीही असो, चक्की ठरल्या वेगानेच फिरली पाहिजे. नाही तर देशभरच्या विजेची पन्नास आवर्तने बिघडतील.” आणि खरेच, १७८८ साली जेम्स वॉटने वाफेच्या यंत्रास गोळ्यांचा गव्हर्नर जोडला, १८६८ साली मॅक्सवेलसारख्या थोर शास्त्रज्ञाने गव्हर्नरांच्या गणितावर निबंध लिहिला, ती सारी वंशावळ आत्याच्या दिवाणखान्यातील पेटीत शिशाच्या तीन गोळ्यांच्या रूपाने नांदत होती.

दुरुस्तीस आरंभ झाला. खोलण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घेणे, स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवणे, वेगाचा काटा जेथे होता तेथे पेन्सिलीची खूण करणे, ही कामे त्यांनी पूजेच्या तयारीसारखी केली. कमान घासलेटात धुतली, नवे वंगण भरले, गादीला तेलाचा एकच थेंब दिला. मग साउंडबॉक्स हाती घेतला आणि ते थांबले. सुईची थरथर ज्या पडद्यावर जाऊन आवाज होतो, तो भाग म्हणजे साउंडबॉक्स. त्याच्यावर यंत्राचा कंठ अवलंबून. या पेटीस मूळचा ॲल्युमिनियमच्या पडद्याचा साउंडबॉक्स असावयास हवा होता. त्याच्या जागी अभ्रकाच्या पडद्याचा, अगदी नवा, परंतु जुना दिसावा म्हणून काळवंडविलेला असा दुसराच कोणी बसविलेला होता. मागील दुरुस्तीच्या वेळी मूळचा काढून घेतला गेला होता आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

येथे आमच्यातील वकील जागा झाला. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमात दुरुस्तीस दिलेल्या वस्तूविषयी स्पष्ट तरतुदी आहेत. असा मनुष्य वस्तूचा मालक होत नाही, निक्षेपग्राही होतो. कलम १५१ प्रमाणे, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी त्याने घेतली पाहिजे. कलम १७० प्रमाणे, वस्तूवर मेहनत आणि कसब खर्च केले असल्यास त्याचा मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचाही त्यास हक्क आहे. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे उदाहरण कायद्यानेच दिले आहे. कलम १७ तर याहून सूक्ष्म आहे. नुसते मौन म्हणजे कपट नव्हे, असे ते म्हणते. परंतु जेथे बोलणे हे कर्तव्य आहे, किंवा जेथे मौन हेच बोलण्यासमान आहे, तेथे मौनही कपटात मोडते. जुन्याच्या जागी नवे बसवून ते काळवंडविणे, हे मौन नव्हे. ते यंत्राच्या तोंडून वदविलेले असत्य आहे. हात कामास लावणाऱ्याचा पहिला धर्म आम्ही असा मानतो की, जे बदलले ते सांगावे, आणि जे बदलले ते लपेल अशा रीतीने बदलू नये.

पण म्हणून काहीच बदलू नये काय? येथे भोपाळपासून जवळच असलेल्या सांचीची आणि त्या निमित्ताने ‘मिलिंदप्रश्ना’ची आठवण होते. नागसेन भिक्षूने मिलिंद राजास विचारले होते की, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? कोणताही एक भाग रथ नव्हे, आणि भागांवेगळाही रथ नाही. मग एकेक भाग बदलत गेल्यास फोनो तोच राहिला असे कोणत्या क्षणापर्यंत म्हणावे? तत्त्वज्ञान या प्रश्नापाशी थबकते. परंतु आपल्या देवघरातील व्यवहाराने याचे उत्तर कधीच दिले आहे. समईतील तेल आणि वात रोज बदलते. म्हणून समई बदलली असे कोणी म्हणत नाही. वंगण, रबर, नमद्याची गादी, सुई ही यंत्राची तेलवात होय. खर्ची पडणे हाच त्यांचा धर्म. तबकडी लाखेची, त्या लाखेत मुद्दाम कणीदार पूड मिसळलेली असते, ती पहिल्या काही फेऱ्यांतच सुईचे टोक झिजवून खोबणीच्या आकाराचे करते. म्हणून प्रत्येक बाजूस नवी सुई लावावयाची. चार आण्यांची सुई वाचविणारा तबकडी गमावतो. जे खर्ची पडण्यासाठी आहे ते वाचविणे हाही एक प्रकारचा अधर्मच. उलट पडद्याची जात, गोळ्यांचे वजन, दंतचक्राची घडण ही समई होय. तिला हात लावताना दहा वेळा विचार करावा, आणि लावलाच तर असा लावावा की, उद्या कोणास आपली चूक दिसल्यास त्याला मागे फिरता यावे.

येथवर सारे सरळ होते. जुळता साउंडबॉक्स मिळविण्यात दोन महिने गेले. एका संध्याकाळी फोनो आत्यापुढे ठेवला. फिटरांनी तबकडीवर ७७ रेघांची एक छापील कागदी चकती ठेवली आणि जुन्या चोकवाल्या ट्यूबच्या उजेडात तिच्याकडे पाहावयास सांगितले. पन्नास आवर्तनांच्या विजेवर असा दिवा सेकंदास शंभर वेळा मंद-प्रखर होतो; तबकडी मिनिटास बरोबर ७८ फेऱ्यांच्या बेताने फिरत असेल तर त्या ७७ रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. रेघा पुढे सरकत असतील तर वेग जास्त, मागे सरकत असतील तर कमी. त्यांनी स्क्रू फिरविला, रेघा स्तब्ध झाल्या. मग आत्याच्या आवडीची, एका नामवंत गायिकेच्या नाट्यपदाची तबकडी लावली. आवाज स्वच्छ, गोल, भरदार आला. आम्ही आत्याकडे पाहिले. ती म्हणाली, “छान लागलंय. पण हे आमचं नव्हे.”

म्हातारपणी कान दगा देतात, असे आम्हांस वाटले आणि तसे आम्ही बोललोही. आत्या रागावली नाही. तिने कोपऱ्यातील पेटी ओढली, भाता उघडला आणि काळी चारचा सूर धरला. “आमच्याकडे बाई इथं गायच्या,” ती म्हणाली. तबकडी वाजत होती ती पांढरी सहामध्ये, म्हणजे अर्ध्या सुराने वर. मग हळूहळू उलगडा झाला. आजोबांना पेटी काळी चारमधूनच वाजविता येत असे. सूर बदलला की त्यांची बोटे अडखळत. मुलीचा गळाही त्याच पट्टीत बसे. फोनोवरील बाईंबरोबर मुलीने गावे आणि आपण साथ करावी, या हौसेपायी त्यांनी स्क्रू मागे घेऊन गायिकेलाच अर्धा सूर खाली उतरविले होते. फिटरांनी भिंग घेऊन वेगाच्या काट्याखालची पट्टी पाहिली. त्यांच्या पेन्सिलीच्या खुणेखाली, कोणी चाकूच्या टोकाने ओढावी तशी एक बारीक रेघ होती. ती मळाने भरली होती म्हणून आधी दिसली नव्हती. काटा तेथे आणताच तबकडी मिनिटास चौऱ्याहत्तरच्या थोडी खाली आली, आणि आत्याच्या पेटीशी बाईंचा सूर मिळाला. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने ज्या जागा घोकल्या होत्या, त्या ऐंशी वर्षांच्या आत्याच्या ओठांवर आल्या.

वाचकहो, प्रश्न आहे तो हा. खरा वेग कोणता? ७८ हा गायिकेचा वेग. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ती ज्या सुरात गायली तो सूर त्याच वेगाने परत येतो. चौऱ्याहत्तर हा आजोबांचा वेग. तो दोष नव्हता, हेतू होता. दुरुस्ती म्हणजे दोष काढणे, असे म्हणून आम्ही तो पुसून टाकला असता, तर त्या यंत्रावर आजोबांचे म्हणून जे एकमेव हस्ताक्षर उरले आहे तेच खोडले असते. बरे, आत्याचेच राहू दे म्हणावे, तर एका थोर गायिकेच्या आवाजात आपण कायमची ढवळाढवळ मान्य करतो. अर्ध्या सुराने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. सहा टक्के वेग उतरला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, तीन मिनिटांचे गाणे दहा-अकरा सेकंदांनी लांबते, तानेची धार बोथटते, कंठाचा पोत जड होतो. गवयाला विचारावे, की हे थोडे आहे काय.

वेगाची चूक केवढा अनर्थ करू शकते याचे एक विलक्षण उदाहरण आहे. एडिसनच्याही सतरा वर्षे आधी, १८६० साली, पॅरिसच्या स्कॉट द मार्तीनविल याने काजळी धरलेल्या कागदावर एका फ्रेंच लोकगीताच्या आवाजाची रेघ उमटवून घेतली होती. ती परत ऐकता यावी असा त्याचा हेतूही नव्हता. आवाज डोळ्यांनी वाचावा एवढेच त्यास हवे होते. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी संगणकाच्या साह्याने ती रेघ बोलती केली, आणि एखादी मुलगी किंवा तरुण स्त्री गात आहे असा आवाज जगाने ऐकला. पुढच्याच वर्षी ध्यानात आले की, वेग दुप्पट धरला गेला होता. स्कॉटने गाण्याशेजारीच स्वरदंडाची रेघ उमटवून ठेवली होती. तिच्या कंपनांचा अर्थ लावण्यात चूक झाली होती. वेग निम्मा केला, आणि ती मुलगी संथपणे गाणारा एक प्रौढ पुरुष ठरली. बहुधा स्वतः स्कॉटच. एका चुकीच्या मापाने एका मनुष्याचे लिंग आणि वय दोन्ही बदलून टाकले होते. ही चूक कपटाची नव्हती. आणि संशोधकांनी ती स्वतःच उघड केली, हे त्यांचे इमान. स्कॉटचेही इमान येथे दिसते: रेघेशेजारी त्याने तिचे माप ठेवले होते, म्हणूनच दीडशे वर्षांनी चूक सापडू शकली.

आपल्याकडील अगदी जुन्या तबकड्यांच्या बाबतीत तर ७८ हा आकडाही डोळे मिटून मानण्यासारखा नाही. १९०२ साली गाइसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचा आवाज मुद्रित केला. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हानोव्हर येथे, आणि कोणाची तबकडी कोणती हे तेथील लोकांस कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका आपले नाव सांगत असे. नाव सांगितले, पण वेग कोणी सांगितला नाही. १९२५ साली विजेचे ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी मुद्रणयंत्राचा वेग सत्तरापासून ऐंशीच्या पलीकडेही असे. अशा तबकडीचा खरा वेग ठरवावयाचा तर साथीच्या पेटीचा सूर कोणत्या पट्टीशी जुळतो, गवयाची नेहमीची पट्टी कोणती, तालाची लय माणसाला शोभेशी आहे की नाही, हे सारे पाहावे लागते. न्यायालयात ज्याला परिस्थितिजन्य पुरावा म्हणतात तो हाच. त्यावरून निर्णय देता येतो. मात्र तो निर्णय आहे, साक्षात्कार नव्हे, हे निर्णय देणाराने विसरू नये.

काही सुज्ञ यावर असे म्हणतील की, एवढा घोळ कशाला? यंत्र कपाटात ठेवावे, तबकडी मखमलीत गुंडाळावी. वाजविल्याने झीज होते, न वाजविल्याने काही बिघडत नाही. अमेरिकेतील बर्कली येथील प्रयोगशाळेत तर सुई न टेकविता, प्रकाशाच्या साह्याने खोबणीचे चित्र घेऊन त्यातून आवाज काढण्याची रीत सिद्ध झाली आहे. जी तबकडी जगात एकुलती एक आहे तिच्यापुरते हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. तिच्यावर पोलादी सुई टेकविणे हे पातक होय. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयाची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याला उपलब्ध नाही, हे शल्य ज्यांनी अनुभवले आहे ते उरलेल्या आवाजांविषयी निष्काळजी राहूच शकणार नाहीत. परंतु जिच्या प्रती शेकड्यांनी उरल्या आहेत त्या तबकडीलाही मुके ठेवणे म्हणजे ठेव सांभाळण्याच्या नावाखाली ठेवीचा उपयोगच नष्ट करणे होय. कमान वर्षानुवर्षे फिरली नाही तर तिचे वंगण दगड होते. यंत्रालाही व्यायाम लागतो.

मग आमच्या खटल्याचा निकाल काय लागला? तो फिटरांनी लावला. आम्ही नुसते पंच होतो. चाकूच्या रेघेतील मळ त्यांनी हलक्या हाताने काढला, पण रेघ तशीच ठेवली. तिच्यापासून थोड्या अंतरावर, पट्टीला इजा होणार नाही अशा रंगाचा एक ठिपका दिला. ठिपका गायिकेचा, रेघ आजोबांची. झाकणाच्या आत एक कागद ठेवला; त्यावर कोणत्या तारखेस काय काढले, काय घातले, साउंडबॉक्स मूळचा नव्हे, दोन खुणांचा अर्थ काय, हे सर्व लिहिले. स्क्रू मोकळा आहे. आत्या एकटी असते तेव्हा काटा रेघेवर असतो, कोणी गाणे जाणणारा आला म्हणजे ती स्वतःच तो ठिपक्यावर नेते आणि म्हणते, “आता बाईंचं ऐका.” स्मरण आणि सत्य यांची एकाच पेटीत अशी सोय लागलेली आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

परंतु प्रश्न येथे संपला नाही. आत्याचा नातू परदेशी असतो. त्याने कळविले की, आजीच्या फोनोवरील गाणे भ्रमणध्वनीवर मुद्रित करून पाठवा. आता कोणत्या वेगाने पाठवावे? यंत्राबरोबर त्याचा स्क्रू असतो. ऐकणारा तो फिरवून पाहू शकतो, झाकणातील कागद वाचू शकतो. प्रतीबरोबर स्क्रू जात नाही. तिच्यात आपण घेतलेला निर्णय गोठतो, आणि ज्याच्या हाती ती पडेल त्यास निर्णय घेतला गेला होता हेच कळत नाही. उद्या तीच प्रत ‘अमक्या बाईंचा दुर्मिळ आवाज’ म्हणून शंभर जणांकडे जाईल, आणि आजोबांच्या अडखळत्या बोटांसाठी खाली उतरविलेला सूर त्या गायिकेच्या माथी बसेल. म्हणून आमचे मत असे झाले की, मूळ वस्तूच्या बाबतीत जितकी मोकळीक देता येते तितकी प्रतीच्या बाबतीत देता येत नाही. कायद्यालाही हे उमगले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यातही, जुन्याप्रमाणेच, इलेक्ट्रॉनिक प्रत पुराव्यात द्यावयाची तर ती कशी आणि कोणत्या यंत्राने काढली याचे प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते. न्यायासनापुढे जे प्रमाणपत्र लागते ते नातवापुढे का लागू नये? आम्ही दोन प्रती पाठविल्या. एकीच्या आरंभी आत्याच्याच आवाजात आहे, “ही बाईंच्या सुरात”, दुसरीच्या आरंभी, “ही माझ्या बाबांच्या सुरात.”

ही कल्पना आमची नव्हे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांच्या आवाजातील भैरवीची एक ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या तबकडीबरोबर सुई तर पाठविली आहेच. पण वेष्टनावर ती वाजवावी कशी याची आकृतीही कोरलेली आहे. तिची एक फेरी ३·६ सेकंदांत व्हावी, हे सांगावयाचे होते. परंतु ज्याला आपला सेकंद ठाऊक नाही त्याला ते कसे सांगावे? म्हणून ते माप हायड्रोजनच्या अणूतील एका संक्रमणाच्या काळात सांगितले आहे, कारण तो अणू सर्वत्र सारखा. दोन्ही याने निघाली आणि काही आठवड्यांतच, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या. आज तो आवाज सूर्यमालेच्या सीमा ओलांडून जात आहे, आणि कधी कोणास सापडलाच तर केसरबाईंनी ज्या सुरात गाइले त्याच सुरात तो ऐकला जावा याची तजवीज पाठविणाऱ्यांनी केली आहे. अनोळख्या, कदाचित कधीच न भेटणाऱ्या श्रोत्याशीही इतके इमान राखावे, असे त्यांना वाटले. तर मग आपल्या घरच्या झाकणात एक कागद ठेवण्याचा आळस आपण का करावा?

आम्ही जे अर्धे उत्तर शोधीत होतो ते आम्हांस असे दिसते. दुरुस्ती करणारा वस्तूच्या मालकाचे देणे लागतो, हे कायदा सांगतो. पण तो आणखी दोघांचे देणे लागतो, ज्यांना फिर्याद करता येत नाही: जो आवाज देऊन निघून गेला तो, आणि जो पुढे ऐकणार आहे तो. या दोघांच्या वतीने कोणी वकीलपत्र घेत नाही. ते ज्याच्या हाती स्क्रू आहे त्यानेच घ्यावयाचे असते. आणि हे केवळ फोनोपुरते नाही. जुन्या पोथीची नवी आवृत्ती काढणारा, पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा, वाडवडिलांच्या आठवणी मुलांना सांगणारा, हे सर्वच कोणाच्या तरी आवाजाचा वेग ठरवीत असतात. वेग आपल्या सोयीने ठरविला तर त्यात पाप नाही. आजोबांनीही तो सोयीनेच ठरविला होता, आणि त्या सोयीत केवढी माया होती! मात्र त्यांनी चाकूने एक रेघ ओढून ठेवली होती.

परवा गोविंदपुऱ्यास गेलो असता आत्याने पुन्हा फोनो लावला. काटा ठिपक्यावर होता. आम्ही तो रेघेवर नेऊ लागलो, तर ती म्हणाली, “असू दे. आज बाईंनाच गाऊ दे.” आणि पेटी न उघडता ती ऐकत बसली.